दुधाचा दाणा

कोल्हापूरहून गारगोटीच्या रस्त्याला लागलं की कागल तालुक्यात बिद्री येतं. गाव लहान, पण नाव लांबवर पोहोचलेलं. 'श्री दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना' हे कागदावरचं नाव कुणी पूर्ण घेत नाही. ऊस कुठं घातला म्हणून विचारलं तर उत्तर येतं, 'बिद्रीला'. गळीत हंगामात या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते, हवेत मळीचा वास असतो. याच बिद्रीत गोकुळ दूध संघाचं शीतकरण केंद्रही आहे. आसपासच्या गावांतून सकाळ-संध्याकाळ गोळा झालेलं दूध तिथं थंड होतं आणि टँकरनं पुढं जातं. ऊस आणि दूध ही या पट्ट्यातल्या घरांची दोन उत्पन्नं. एक वर्षातून एकदा हातात पैसा देणारं, दुसरं दर दहा दिवसांनी.

दोघांचाही शेवट दाण्यात होऊ शकतो. उसाचा दाणा म्हणजे साखर आणि त्याचं माप इथल्या सभासदाला तोंडपाठ आहे. वर्तमानपत्रात बाजारभाव येतो तो 'एस-३०', 'एम-३०' अशा नावानं. अक्षर दाण्याचा आकार सांगतं, आकडा रंग सांगतो. एम म्हणजे मध्यम, एस म्हणजे बारीक. कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकावर एक रचलेल्या चाळण्यांतून साखर चाळतात, कुठल्या चाळणीवर किती राहिली ते तोलतात आणि पोत्यावर ग्रेड छापतात. एम आणि एसच्या दरात क्विंटलमागे फरक पडतो, हे संचालकाला माहीत असतं तसं ऊसतोड्यालाही माहीत असतं.

दुधाचाही दाणा होतो. दूध उरलं की त्याची पावडर होते. त्या पावडरीलाही दाणा असतो, त्या दाण्यालाही माप असतं आणि त्या मापावर ती पावडर कुणाला विकली जाईल हे ठरतं. पण हे माप गावातल्या डेअरीत कुणाच्या बोलण्यात येत नाही. मला वाटतं, ते यायला हवं.

डेअरीच्या काट्यावर

मापाची सवय दूध उत्पादकाला नवी नाही. पहाटे धार काढून बरणी घेऊन आलेली बाई डेअरीच्या खिडकीशी उभी राहते तेव्हा तिच्यासमोर तीन आकडे उमटतात: किती लिटर, किती फॅट, किती एसएनएफ. फॅट म्हणजे स्निग्धांश आणि एसएनएफ म्हणजे स्निग्धांश सोडून उरणारे घन पदार्थ: प्रथिनं, दुग्धशर्करा, क्षार. म्हशीच्या दुधाचा दर ६ फॅट आणि ९ एसएनएफ धरून सांगतात, गाईच्या दुधाचा ३.५ आणि ८.५ धरून. फॅट एका पॉइंटनं खाली गेली तरी बाई मशिनकडे पुन्हा बघते. पेंड बदलली का, वैरण बदलली का, याचा हिशेब तिच्या डोक्यात तिथल्या तिथं चालू होतो.

हे सगळं एका पिढीत घडलं. १६ मार्च १९६३ ला कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची, म्हणजे गोकुळची, नोंदणी झाली. ज्यांना गोकुळचे शिल्पकार म्हणतात त्या आनंदराव पाटील-चुयेकरांनी संघाचं जाळं गावोगाव नेलं. त्याआधी दूध गवळ्याच्या अंदाजानं जायचं. घट्ट दिसलं तर चांगलं, पातळ दिसलं तर पाणी घातलेलं. आधी गर्बरच्या काचनळ्या आल्या, मग मिल्को टेस्टर आले आणि अंदाजाची जागा आकड्यानं घेतली. ज्याच्या दुधात कस जास्त त्याला पैसे जास्त, हे तत्त्व कुणाच्या मेहेरबानीवर राहिलं नाही. दहा दिवसांचं बिल आणि दिवाळीच्या तोंडावर खात्यावर जमा होणारा दूध दर फरक या दोन्ही गोष्टी त्या आकड्यावर उभ्या आहेत. इथल्या कित्येक घरांत दिवाळीचे कपडे फरकातून येतात.

पण हा आकडा दूध द्रव असेपर्यंतचा. पिशवीतून मुंबई-पुण्याला गेलेल्या दुधाला तो पुरतो. जे दूध पिशवीत जात नाही, त्याला पुढं आणखी एका मापातून जावं लागतं.

दूध उरतं तेव्हा

म्हशी बहुतेक पावसाळ्यात आणि त्यानंतर वितात. म्हणून दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत दूध वाढतं. वैरण मुबलक, हवा थंड, गाईही भरात. उन्हाळ्यात तेच दूध घटतं आणि नेमकी तेव्हा शहराची मागणी वाढते. पीक गोदामात ठेवता येतं, दूध ठेवता येत नाही. ते टिकवायचं तर लोणी करायचं आणि मागं राहिलेल्या साय काढलेल्या दुधाची पावडर करायची, हाच मोठ्या प्रमाणावर चालणारा मार्ग आहे.

आपल्या देशात पावडरीचा कारखाना आला तोही या अडचणीतून. आणंदच्या खेडा संघाचं दूध मुंबई दूध योजना विकत घ्यायची, पण हिवाळ्यातलं जास्तीचं दूध घ्यायला तिला जमायचं नाही. शेतकऱ्याच्या घरी दूध नासू लागलं. परदेशी तज्ज्ञ म्हणत होते, म्हशीच्या दुधाची फवारून पावडर होऊच शकत नाही. म्हशीच्या दुधात केसीन आणि कॅल्शियम जास्त असतं. आटवताना ते लवकर दाट होतं, तापाला वेगळं वागतं आणि गाईच्या दुधावर बसवलेलं गणित त्याला लागू पडत नाही. हरिचंद मेघा दलाया या तंत्रज्ञानं ते करून दाखवलं. ३१ ऑक्टोबर १९५५ ला पंडित नेहरूंच्या हस्ते आणंदचा कारखाना सुरू झाला आणि म्हशीच्या दुधाची फवारून केलेली पावडर जगात पहिल्यांदा तिथं बाजारात येण्याजोगी झाली.

पुढं १९७० मध्ये दूध महापूर योजना आली. युरोपात साठलेली १ लाख २६ हजार टन पावडर आणि ४२ हजार टन बटर ऑइल जागतिक अन्न कार्यक्रमातून आपल्याला मिळालं. ते पाण्यात मिसळून त्याचं दूध करून मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईत विकलं गेलं आणि त्या पैशातून गावोगावचे दूध संघ उभे राहिले. आज आपण पावडर बाहेर पाठवण्याच्या गोष्टी करतो, पण आपली दुधाची घडी बसली ती दुसऱ्याच्या पावडरीवर, हे विसरून चालणार नाही.

पावडरीचा बाजार पडला की त्याची झळ थेट गोठ्यापर्यंत येते, हे पश्चिम महाराष्ट्रानं २०१८ मध्ये पाहिलं. जगभर पावडरीचे भाव घसरले, संघांची गोदामं भरली, गाईच्या दुधाचा दर कोसळला. १६ जुलैला राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली स्वाभिमानी शेतकरी संघटनेनं दूध बंद आंदोलन पुकारलं. टँकर अडले, रस्त्यावर दूध ओतलं गेलं. १९ जुलैला सरकारनं लिटरमागे २५ रुपये दराची घोषणा केल्यावर ते थांबलं. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेलं आणि मिठाईची दुकानं बंद झाली तेव्हाही सरकारला रोज १० लाख लिटरपर्यंत दूध उचलून त्याची पावडर करण्याची योजना आणावी लागली. दोन्ही वेळा चर्चा झाली ती अनुदानाची आणि साठ्याची. कुठल्या प्रतीची पावडर, कुणासाठी, कुठल्या दाण्याची, हा प्रश्न चर्चेत आला नाही.

थेंबाचा दाणा होतो तो क्षण

साय काढलेल्या दुधात ९ टक्क्यांच्या आसपास घन पदार्थ असतात, बाकी पाणी. म्हणजे १ किलो पावडरीला जवळजवळ ११ लिटर दूध लागतं आणि १० लिटर पाणी उडवावं लागतं. हे काम दोन टप्प्यांत होतं. आधी निर्वात नळ्यांत कमी तापमानावर दूध आटवून घन पदार्थ ४५ ते ५० टक्क्यांवर आणतात. मग हे दाट दूध कित्येक मजले उंच असलेल्या स्टीलच्या टॉवरमध्ये वरून फवारतात. फवारणी दोन तऱ्हांनी होते: मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या चाकाच्या कडेवरून, नाहीतर बारीक तोंडाच्या नोझलमधून प्रचंड दाबानं. टॉवरमध्ये १८० ते २०० अंशांची हवा सोडलेली असते. थेंबातलं पाणी उडत असतं तोवर तो थेंब हवेइतका तापत नाही, कारण बाष्पीभवन त्याला थंड ठेवतं. म्हणून प्रथिनं करपत नाहीत. काही सेकंदांत थेंब कोरडा होतो आणि दाणा होऊन खाली पडतो. ही कल्पना जुनी आहे. सॅम्युएल पर्सी यांनी अमेरिकेत १८७२ मध्ये फवारून वाळवण्याचं पेटंट घेतलं होतं.

दाण्याचं माप त्या सेकंदात ठरतं. चाकाचा वेग वाढवला, नोझलचा दाब वाढवला की थेंब बारीक पडतो आणि दाणाही बारीक होतो. दूध जास्त आटवलं, ते दाट झालं की थेंब जाड पडतो. आटवलेलं दूध टाकीत जास्त वेळ थांबलं तर ते आपोआप दाट होत जातं आणि सकाळी बरोबर येणारा दाणा दुपारी बिघडतो. त्यामुळे टॉवरवरचा अनुभवी माणूस वरच्या हवेइतकंच खालच्या टाकीकडेही लक्ष ठेवतो. पावडरीच्या दाण्यात बिघाड दिसला तर खोट बहुधा टॉवरच्या आधी कुठंतरी असते.

साध्या पावडरीचा सुटा दाणा बहुतेक २० ते ६० मायक्रॉनचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बिद्रीच्या साखरेचा दाणा १ मिलिमीटरचा धरला आणि पावडरीचा ५० मायक्रॉनचा, तर व्यासात वीसपट फरक पडतो आणि आकारमानात आठ हजारपट. एका ग्रॅम पावडरीत असे सव्वा कोटी दाणे भरतात. त्या सगळ्यांचा पृष्ठभाग मोजायचा ठरवला तर १ किलो पावडरीचा पृष्ठभाग सुमारे १०० चौरस मीटर होतो, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. दाणा निम्मा केला, २५ मायक्रॉनचा केला, की त्याच किलोचा पृष्ठभाग दोन गुंठे होतो. पावडर पाण्यात कशी विरघळेल, हवेतला ओलावा किती ओढेल, पोत्यात गोळा होईल का, या सगळ्यांचं उत्तर या पृष्ठभागात आहे. दाणा मोजायचा तो यासाठी.

दाण्याला आतूनही काही सांगायचं असतं. फवारताना थेंबात हवा अडकते आणि वाळलेल्या दाण्याच्या पोटात पोकळ्या राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली काही दाणे गोल, काही सुरकुतलेले, काही एकमेकांना चिकटलेले दिसतात. जुन्या पद्धतीत तापलेल्या फिरत्या रुळावर दूध पसरून वाळवत आणि खरवडून काढत. त्या पावडरीत दाणे नसत, पापुद्रे असत. म्हणून एका आकड्यात सगळं माप सांगता येत नाही. मापाबरोबर आकारही बघावा लागतो.

चाळणीपासून लेझरपर्यंत

साखरेचा दाणा चाळणीनं मोजता येतो. पावडरीचा मोजायला गेलं तर चाळणी अडते. ४५ मायक्रॉनची जाळी म्हणजे अतिशय बारीक विणीची. पावडर थोडीशी चिकट, त्यात घर्षणानं तिच्यावर वीजभार चढतो. दाणे जाळीला धरतात, एकमेकांना धरतात, छिद्रं बुजतात. जाळीखालून हवा ओढून चाळणारी यंत्रं आहेत, ती बरं काम करतात. पण दर तासाला टॉवरवरून येणारा नमुना तपासायला ती हळू पडतात.

म्हणून आज मोठ्या प्रयोगशाळांत लेझरचं यंत्र असतं. त्याचं तत्त्व सरळ आहे. प्रकाशाच्या वाटेत दाणा आला की प्रकाश विखुरतो. मोठा दाणा प्रकाशाला थोडंसंच वळवतो, बारीक दाणा तो लांबपर्यंत पसरवतो. समोर अर्धवर्तुळात मांडलेले संवेदक कुठल्या कोनात किती प्रकाश आला ते टिपतात आणि त्यावरून संगणक दाण्यांचं वितरण काढतो. यामागचं गणित जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाव्ह मी यांनी १९०८ मध्ये मांडलं, तेही सोन्याच्या सूक्ष्म कणांचे रंग समजून घेण्यासाठी. या पद्धतीसाठी आयएसओ १३३२० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे.

यंत्र मिनिटभरात तीन आकडे देतं: डी-१०, डी-५०, डी-९०. डी-५० म्हणजे असं माप, की पावडरीचा निम्मा भाग त्याहून बारीक आणि निम्मा त्याहून जाड. डी-१० खाली १० टक्के, डी-९० खाली ९० टक्के. एक उदाहरण घेऊ. डी-१० आला २०, डी-५० आला ६०, डी-९० आला १४०. १४० मधून २० वजा केले, ६० नं भागलं की २ येतात. या आकड्याला विस्तार म्हणतात. त्यावरून दाणे एकसारखे आहेत की विखुरलेले ते कळतं. आकडा जितका लहान तितकी पावडर एकसारखी. दोन संघांच्या पावडरीचा डी-५० एकच असू शकतो आणि तरी एक पावडर सुरळीत विरघळते, दुसरीच्या गुठळ्या होतात. फरक असतो तो या विस्तारात.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. हे टक्के आकारमानाचे आहेत, संख्येचे नाहीत. १०० मायक्रॉनच्या एका दाण्याचं आकारमान १० मायक्रॉनच्या हजार दाण्यांइतकं असतं. संख्येनं मोजलं तर पावडरीत सगळी बारीक धूळच आहे असं वाटेल. आकारमानानं मोजलं तर ती धूळ नगण्य दिसेल. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, प्रश्न वेगवेगळे आहेत. चिमणीतून किती पावडर वाया जाते ते बघायचं तर बारीक दाण्यांचा हिशेब हवा. पोत्यात किती किलो बसेल ते बघायचं तर आकारमानाचा.

मोजणाऱ्याचा खरा कस लागतो तो दाणे सुटे करताना. पावडर पाण्यात टाकून मोजता येत नाही, ती विरघळून जाते. म्हणून ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विखुरतात, नाहीतर कोरडीच हवेच्या झोतानं यंत्रातून सोडतात. झोताचा दाब कमी ठेवला तर दाण्यांचे झुबके तसेच राहतात आणि माप मोठं येतं. दाब वाढवला की झुबके फुटतात आणि माप लहान होतं. पावडर तीच, यंत्र तेच, माणूसही तोच, आकडे मात्र दोन. त्यामुळे अनुभवी तंत्रज्ञ एकाच नमुन्यावर दाब पायरीपायरीनं वाढवत नेतो आणि प्रत्येक पायरीला डी-५० लिहून ठेवतो. आकडा कुठं स्थिर होतो, कुठून झपाट्यानं घसरायला लागतो, ते तो बघतो. झुबके जपून मोजायचे की सुटे दाणे मोजायचे, हे आधी ठरवायचं आणि अहवालात दाब लिहायचा. दाब न लिहिलेला डी-५० दुसऱ्या प्रयोगशाळेशी ताडून बघता येत नाही.

त्याच्याही आधी नमुना. चिवड्याचा डबा चार दिवस हाताळला की शेंगदाणे वर येतात आणि मीठ-मसाला तळाशी बसतो, तसं २५ किलोच्या पोत्यात होतं. गाडी, गोदाम असा प्रवास करताना बारीक दाणे फटींतून खाली सरकतात. पोत्याच्या तोंडाशी चमचा घालून नमुना घेतला तर तो वरच्या जाड दाण्यांचा येईल. म्हणून लांब नळीनं पोत्याच्या वरून खालपर्यंत नमुना घ्यायचा, नीट मिसळायचा, ढीग करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा मिसळायचे. लाखो रुपयांचं यंत्र ग्रॅमभर पावडर बघतं. तो ग्रॅम पोत्याचा प्रतिनिधी नसेल तर यंत्राचा दोष नाही.

पेल्यात काय घडतं

दाण्याचं माप ग्राहकाला यंत्राशिवाय कळतं ते पेल्यात. कोमट पाण्यावर चमचाभर पावडर सोडली की चार गोष्टी ओळीनं घडाव्या लागतात: भिजणं, बुडणं, विखुरणं, विरघळणं. अतिशय बारीक पावडर पहिल्याच पायरीला अडते. दाण्यांमधल्या फटी इतक्या अरुंद असतात की पाणी आत शिरेपर्यंत बाहेरचा थर फुगून चिकट होतो. त्या थराचं कवच बनतं आणि आत पावडर कोरडीच राहते. हीच गुठळी. ती चमच्यानं कडेला दाबून फोडली तर आतून पांढरी कोरडी पूड निघते. अशा वेळी पावडर खराब म्हणून आपण बोटं मोडतो. खरं तर दूध चांगलं असतं, दाणा बारीक असतो.

यावर उपाय १९५० च्या दशकात सापडला. अमेरिकेत डेव्हिड पीबल्स यांनी बारीक दाणे किंचित ओलवून एकमेकांना चिकटवायची आणि पुन्हा वाळवायची पद्धत बसवली. सुट्या दाण्यांचे सच्छिद्र झुबके बनले. आज टॉवरमधून उडणारी बारीक धूळ सायक्लोन नावाच्या यंत्रात पकडून परत फवाऱ्याजवळ सोडतात. ओल्या थेंबांना ती चिकटते आणि १५० ते २५० मायक्रॉनचे झुबके तयार होतात. मोकळ्या जागेतून पाणी आत शिरतं, झुबका जडावून बुडतो, सुटतो आणि विरघळतो. सायीसकट दुधाच्या पावडरीला आणखी एक अडचण असते. दाण्यावरचा स्निग्ध थर पाण्याला जवळ येऊ देत नाही. म्हणून तिच्यावर लेसिथिनचा अगदी पातळ थर देतात. 'इन्स्टंट' असं पाकिटावर लिहिलेलं असतं, त्यामागं हे काम असतं.

मग सगळीच पावडर झुबक्यांची का करत नाहीत? कारण प्रत्येकाला वेगळा दाणा हवा असतो. आइस्क्रीमवाल्याकडे मोठे मिक्सर असतात, त्याला साधी पावडर चालते. चहाच्या यंत्राला लगेच विरघळणारा झुबका हवा. चॉकलेट करणारा पुढं स्वतः दळतो, त्याला दाण्याच्या पोटातली हवा नको असते. परदेशी पाठवायची तर कंटेनरमध्ये जास्तीत जास्त वजन बसावं म्हणून घट्ट बसणारी पावडर बरी, झुबक्यांची पावडर फुगीर असते. लहान मुलांच्या आहारात दाणा एकसारखा नसेल तर बाटलीच्या बुचात अडकतो. दाणा चांगला की वाईट हे गिऱ्हाईक ठरवतं. ज्या संघाला आपला दाणा माहीत आहे, तो आपलं गिऱ्हाईक निवडू शकतो. ज्याला माहीत नाही, तो येईल त्या भावाला गोदाम रिकामं करतो.

पावसाळा आणि पोतं

कोल्हापूरच्या पश्चिमेला सह्याद्री आहे. राधानगरी-भुदरगडच्या बाजूला पाऊस सुरू झाला की भिंती पाझरतात, मीठ पाणी धरतं आणि आठवडे हवा ओलीच राहते. पावडरीला सगळ्यात मोठी भीती याच हवेची. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत निम्मी दुग्धशर्करा असते. ती स्फटिकरूपात नसते. झटपट वाळल्यामुळे ती काचेसारख्या अस्थिर अवस्थेत गोठलेली असते. हवेतला ओलावा शोषला की ही काच मऊ होते, दाण्याच्या कडा चिकट होतात आणि शेजारचे दाणे एकमेकांना जुळतात. पुढं दुग्धशर्करेचे स्फटिक बनायला लागले की त्यांनी धरलेलं पाणी बाहेर पडतं, ते शेजारच्या दाण्याला ओलवतं आणि पोत्यात दगडासारखा गोळा तयार होतो.

बारीक दाण्याला पृष्ठभाग जास्त, म्हणून हे त्याच्यात लवकर घडतं. अन्न सुरक्षा मानकांनुसार साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत ओलावा ५ टक्क्यांपेक्षा जास्त आणि स्निग्धांश दीड टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. पण पोतं शिवताना ओलावा बरोबर होता, एवढ्यावर चार महिन्यांनंतरची खात्री देता येत नाही. आतली पॉलिथिनची पिशवी नीट बंद झाली का, पोती जमिनीवर टेकली की फळीवर, गोदामाच्या पत्र्याला घाम येतो का, हे सगळं दाण्यावर उमटतं. जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये त्याच साठ्याचा डी-५० आणि डी-९० पुन्हा मोजला की दाणे जुळायला लागले आहेत का ते दगड होण्याच्या आधी कळतं. तेव्हा तो माल आधी विकता येतो. नंतर कळलं तर तो जनावरांच्या खाद्याच्या भावानं जातो.

बारीक दाण्याचा एक धोका कामगारांच्या जिवाशी आहे. हवेत तरंगणारी दुधाची धूळ पेट घेते. पुरेशी दाट धूळ आणि एक ठिणगी यांची गाठ पडली तर टॉवरमध्ये स्फोट होतो. म्हणून पावडरीच्या प्रकल्पात स्फोटाचा दाब बाहेर सोडणारी दारं, आग विझवणारी यंत्रणा, यंत्रांचं अर्थिंग यांना तडजोड चालत नाही. धुळीचं प्रमाण किती हा आकडा उत्पादनाइतकाच सुरक्षेचा आहे.

साखरेनं जे केलं

साखरेच्या सहकारानं आपल्या दाण्याची काळजी स्वतः घेतली. १९७५ मध्ये ऊस उत्पादकांच्या पुढाकारानं पुण्याजवळ मांजरीला संस्था उभी राहिली, तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. टनामागे बाजूला काढलेल्या पैशातून ती चालते. उसाच्या जातीपासून साखरेच्या ग्रेडपर्यंत तिथं अभ्यास होतो, कारखान्यांचे केमिस्ट तिथं शिकून येतात. म्हणून बिद्रीसारख्या कारखान्यातला तरुण केमिस्ट दाण्याबद्दल अधिकारानं बोलतो.

दुधाकडे माणसं नाहीत असं नाही. उदगीर आणि पुसदजवळच्या वरूडला दुग्धतंत्रज्ञानाची महाविद्यालयं आहेत, तिथून दरवर्षी शिकलेली मुलं बाहेर पडतात. पावडर करणारे सहकारी संघ आहेत. लागतं ते या दोघांना जोडणारं, उत्पादकांच्या मालकीचं ठिकाण. लिटरमागे अगदी नगण्य रक्कम बाजूला पडली, तरी पश्चिम महाराष्ट्राच्या संघांना मिळून एक चांगली कणमापन प्रयोगशाळा चालवता येईल. प्रत्येकानं वेगळं लेझर यंत्र घेण्याची गरज नाही. गरज आहे ती सगळ्यांचे आकडे एकाच पद्धतीनं, एकाच दाबावर, नीट घेतलेल्या नमुन्यावर मोजले जाण्याची. तसं झालं तर कोल्हापूर-सांगलीची पावडर म्हटलं की गिऱ्हाइकाला काय मिळणार ते आधीच कळेल आणि खात्रीच्या मालाला बाजार जास्त देतो, हे आपण साखरेत पाहिलंच आहे.

हे संचालकांवर सोडून चालणार नाही, कारण पावडरीचा तोटा शेवटी दूध दरातून वसूल होतो. हिवाळ्यात दूध वाढलं की दर का उतरतो, याचं उत्तर प्रत्येक उत्पादकाला 'पावडरीला उठाव नाही' असं मिळतं. त्या उत्तरानंतरचा प्रश्न विचारायची वेळ आली आहे. संघाच्या वार्षिक सभेत अहवालाची पानं उलटताना सभासदानं एवढंच विचारावं: आपण किती टन पावडर केली आणि त्यातली किती साधी, किती झुबक्यांची? तिचा डी-५० किती, विस्तार किती आणि तो कुठल्या दाबावर मोजला? गेल्या पावसाळ्यात किती माल गोळा झाला? आणि आपल्या दाण्याला योग्य असं गिऱ्हाईक कोण, ते आपण शोधलं का?

पहिल्या वर्षी व्यासपीठावर कुणाकडेच उत्तर नसेल. दुसऱ्या वर्षी कुणीतरी प्रयोगशाळेतून आकडे आणून ठेवेल. फॅटच्या मशिनचंही गावात असंच झालं होतं. आधी विचारणारे होते, मग यंत्र आलं, मग त्या यंत्राच्या आकड्यावर दर बसला. बिद्रीच्या ज्या सभासदाला एम-३० आणि एस-३० मधला फरक सांगावा लागत नाही, त्याला दुधाच्या दाण्याचं माप समजायला एका सभेपेक्षा जास्त वेळ लागणार नाही.